ड्रॉ : काढणे, ओढणे आणि धागा देणे

आई,

तुला फ्रेंच येत नव्हतं. इंग्रजीही नव्हतं. पण माहेरच्यांशी कानडी, कारखान्याच्या मालकिणीशी तेलुगू, माग लावून देणाऱ्या जॉबरशी दखनी आणि आम्हाला रागवायला मराठी, असा तुझा कारभार होता, त्यामुळं तुझ्यासमोर भाषेचा तोरा मिरवायची माझी कधी हिंमत झाली नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. त्याला आता वीस-बावीस वर्षं होतील. मधल्या काळात मी पुण्याला राहून फ्रेंच शिकले, परत आले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं वाचून दाखवायची नोकरी केली, आणि आता घरीच फ्रेंच शिकवते. हे सगळं तुला अजून कळवलेलंच नाही. मनातल्या मनात तुझ्याशी बोलत असते तेव्हा अण्णांचा गुडघा, पाण्याचा दिवस आणि नेमकी त्याच दिवशी बिघडलेली मोटार, असलंच काहीबाही बोलते. आज मात्र एका इंग्रजी शब्दावरून लिहायला बसले आहे. हसू नकोस.

शब्द आहे ड्रॉ. शाळेत त्याचा एकच अर्थ डोक्यात बसतो, चित्र काढणे, आणि पुढं जन्मभर माणूस तेवढ्यावरच भागवतो. माझ्या वर्गाची एक रीत आहे. नवा शब्द फळ्यावर लिहिला की अर्थ मी सांगत नाही. ज्यानं त्यानं तो आपल्या कामातून, आपल्या गल्लीतून शोधून आणायचा, मग सगळ्यांनी मिळून त्याला फ्रेंच बघायचं. वर्ग म्हणजे काय, आपल्याच घराची पुढची खोली, एक फळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात आरामखुर्चीत अण्णा, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसलेले. मागच्या उन्हाळ्यात मी ड्रॉ लिहिलं आणि पोरापोरींनी नुसता धुमाकूळ घातला. एक जण म्हणाला, मॅच ड्रॉ झाली. फ्रेंचमध्ये ती मॅच ‘न्यूल’ होते, म्हणजे कुणाच्याच पदरात काही नाही. बँकेत काम करणारी म्हणाली, खात्यातून पैसे ड्रॉ करणे. त्याला ‘रतिरे’. खिडकीचा पडदा ओढायचा तर ‘तिरे’. विहिरीतून पाणी शेंदायचं तर ‘प्युइझे’. घरांची सोडत निघाली तर ‘तिराज’. कुठल्या दुकानानं गर्दी खेचली तर ‘आतिरे’. चहा झाकून ठेवला आणि रंग उतरायची वाट बघितली तर ‘अँफ्युझे’. चित्र असेल तरच ‘देसिने’. इंग्रजांनी एकाच पिशवीत कोंबून आणलेला बाजार फ्रेंच लोकांनी घरी नेऊन वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवल्यासारखं वाटलं मला. फळा भरला, माझी बाही खडूनं पांढरी झाली आणि मी खूश झाले.

तेवढ्यात वैरागहून एसटीनं येणारी एक मुलगी आहे, हॉटेलात नोकरी धरायची म्हणून शिकते, ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, आपलं एकाच शब्दात भागतंय की. काढणे.” आणि खरंच. चित्र काढतो, पाणी काढतो, पैसे काढतो, सोडत काढतो, धार काढतो. पडदा तेवढा ओढतो. मग वर्गाला चेवच आला. मराठी शब्द इंग्रजीच्या हद्दीबाहेर कुठल्या कुठं पळाला: वरात काढणे, खोडी काढणे, आजारपण काढणे, दिवस काढणे, कुणाची तरी आठवण काढणे. यातल्या एकालाही ड्रॉचा काही उपयोग नाही, आणि फ्रेंचचे डबेही रिकामेच. मला त्यांना थांबवायला हवं होतं, परीक्षा जवळ होती, पण मी खडू ठेवला आणि ऐकत बसले. असले तास फार थोडे येतात.

एक अर्थ मी फळ्यावर लिहिला नव्हता. तो त्या वर्गात मी आणि अण्णा सोडून कुणाला सुचणं शक्य नव्हतं, आणि अण्णा टीव्ही बघत होते. नवा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, मागावर चढवायच्या आधी त्याच्यावरचा एकेक धागा तारेच्या बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यायचा असतो. त्याला इंग्रजीत ड्रॉइंग-इन म्हणतात. त्या संध्याकाळी मी त्याचं फ्रेंच शोधलं. ‘रांत्राज’. ज्या क्रियापदावरून तो शब्द आला, त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ आहे घरी परत येणं. त्यांच्याकडं धागा ओढत नाहीत, धाग्याला घरात घेतात. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. पर आपल्याकडं पंखा बंद पडला की धागं घाम येऊन बोटाला चिकटायचं, त्याला काय म्हंत्यात?”

तुझी ती जागा माझ्या डोळ्यांसमोर आहे. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, वर एकच उंच खिडकी, तिच्यातून येणाऱ्या उन्हात कापसाची लव उडते आहे. अण्णा पुढं बसलेले, हातात चपटा हूक. तू मागं, बीमच्या बाजूला, पाटावर. अण्णा तारेच्या डोळ्यातून हूक आरपार घालतात, तू त्याच्या टोकाशी पुढचा धागा धरतेस, अण्णा ओढून घेतात, की लगेच हूक पुन्हा हजर. तुम्हा दोघांच्या मधे ताणलेल्या धाग्यांचा पडदा. तुमचा सगळा संसार त्या पडद्यातून बोलला जायचा. मामाच्या लग्नाला आधी कुणी जायचं, मला कुठल्या शाळेत घालायचं, शेजारीण अशी का वागली, सगळं. मधे माग चालू असले की मोठ्यानं, बंद असले की हळू. शाळा सुटली की मी तिथंच येऊन दप्तर उशाला घेऊन पडायची.

एकदा मैत्रिणीला घेऊन आले होते आणि मोठ्या ऐटीत तिला सांगितलं, आमचे अण्णा ओढतात, आई नुसती मागं बसते. तू ऐकलंस. तिला शेंगाचा लाडू दिलास. दुसऱ्या दिवशी मी आले तर तू पाटावरून उठलीस आणि म्हणालीस, “ये. बस हितं.” मला वाटलं, गंमत आहे. बसले. अण्णांचा हूक आला, मी धागा दिला. पुन्हा आला, दिला. मग हूक आधी यायला लागला आणि माझा धागा नंतर, मग दोन धागे एकमेकांना चिकटून आले, मग यातला आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला तेच कळेना. हूक डोळ्यातून बाहेर येऊन नुसता वाट बघत थांबलेला. मी रडकुंडीला आले. तू मागं उभी राहून बघत होतीस. “तुला वाटतंय, वडणारा धागा निवडतोय व्हय?” तू म्हणालीस. “त्येला मागचं कायबी दिसत न्हाई. मी दिते त्योच त्येचा धागा. नुसतं बसनं लई सोपं न्हाई, बाय माझे.” आणि मग, “साकु, ऊठ आता.” तुझं साकु मला कायम आवडायचं. मराठीत ‘पुरे’ म्हणालीस की रागावल्यासारखं वाटायचं, कानडीत म्हणालीस की सुटल्यासारखं.

दहावीच्या वर्षी तू माग दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून मला एक टेबल करून घेतलंस. जुन्या मागाचं लाकूड, तेल प्यायलेलं, काळं कुळकुळीत, एका बाजूला उंच. त्याला एक ड्रॉवर. तू तो उघडून दाखवलास आणि बजावलंस, की यात घरातलं कुणी सुई-दोरासुद्धा ठेवायचा नाही, हे हिचं. आपल्या दोन खोल्यांत माझं म्हणून असलेली ती पहिली जागा. ड्रॉवरला फ्रेंचमध्ये ‘तिर्वार’ म्हणतात, तोही त्याच ओढण्यावरून आला आहे. आपला ड्रॉवर ओढायला दोन हात आणि एक पाय लागतो, हे फ्रेंच लोकांना माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या वर्गात एक नर्स होती. कुंभारीत राहते, शहरातल्या एका दवाखान्यात नोकरी, नवरा टॉवेलच्या कारखान्यात, एक लहान मुलगी, आणि घरी सासू, जी विड्या वळते. कॅनडात फ्रेंच बोलतात त्या भागातल्या एका रुग्णालयानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, फ्रेंचची तोंडी परीक्षा. परीक्षा घेणारा पेशंट होणार, हिनं नर्स व्हायचं आणि त्याच्याशी बोलायचं. पोरगी हुशार, ड्यूटी करून यायची, डोळ्यांत झोप असायची पण वहीत एक शब्द चुकलेला नाही. आणि पहिल्या खेपेला ती नापास झाली.

परत आली ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसेचना. “मॅडम, मी त्याला म्हणाले, ज वे देसिने व्होत्र सां.” म्हणजे मी आता तुमच्या रक्ताचं चित्र काढते. रक्त काढायला ‘प्रीझ द सां’ हे मी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं होतं, पण ऐन वेळी तोंडात आलं ते चित्रच. वर्ग हसला, तीही हसली. पण ती त्यामुळं नापास झाली नव्हती. असल्या चुका परीक्षक रोज ऐकतात. तो बिचारा पेशंट चेष्टेनं म्हणाला, कुठल्या रंगात काढणार? आणि हे वाक्य तिच्या तयारीत नव्हतं. तिथं ती जी थांबली ती थांबलीच. पुढचं सगळं येत असून एक अक्षर बाहेर पडेना. आता एकच संधी उरली होती, रुग्णालय त्यापुढं थांबणार नव्हतं. ती जागा गेली तर पुन्हा असं दार कधी उघडेल सांगता येत नव्हतं, आणि त्या एका जागेवर चार माणसांचं पुढचं आयुष्य बेतलेलं होतं.

मी नेटानं कामाला लागले. रोज वर्ग संपल्यावर तिला समोर बसवून मी पेशंट व्हायची. मी विचारायची, ती उत्तर द्यायची, फार छान चाललं होतं. ती अडली की मी शब्द सुचवायची, ती चुकली की मी दुरुस्त करायची, तिला जे येतं ते मला माहीत होतं म्हणून मी नेमकं तेच विचारायची. आठवडाभर अण्णा आरामखुर्चीतून बघत होते. मग एक दिवस टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, “तू धागाबी दितीस आन तूच वडतीस की. त्या पोरीनं करायचं काय?”

मला इतका राग आला. एक तर खरं होतं, आणि त्यात ते त्यांनी सांगावं, जे आयुष्यभर पुढं बसले. मी विचारलं, मग काय करू? तर म्हणाले, “तुझी आई वडत नव्हती कदी. तिला हुकाची कला येतच नव्हती. म्हनून तर बरं चालायचं.”

त्या नर्सच्या सासूबाईही रोज यायच्या. ड्यूटीवरून सून थेट वर्गाला येते म्हणून त्या कुंभारीहून नातीला घेऊन सिटी बसनं यायच्या, नात आईला बिलगायची, मग झोपायची, आणि सासूबाई बाहेर ओट्यावर सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत बसायच्या. त्यांना मी मावशी म्हणते. मी त्यांना आत बोलावलं, सुनेच्या समोर खुर्ची दिली. त्या खुर्चीत नाही बसल्या, पाट मागितला. सूप मांडीवर. मी सांगितलं, मावशी, तुम्ही आजारी आहात. जे होतंय ते मराठीत सांगायचं, आपल्याला वाटेल ते, वाटेल त्या क्रमानं. ही फ्रेंचमध्ये बोलेल. ती काय बोलते ते तुम्हाला कळायची गरज नाही, ती थांबली नाही की झालं.

“मी काय चुकीचं बोलले तर?” मावशींनी विचारलं. मी म्हणाले, तुमचं चुकीचं असूच शकत नाही, तुम्ही आजारी आहात.

हे त्यांना फार पटलं. त्यांनी विडीला दोरा गुंडाळला आणि सुरुवात केली. “मला ताप आलाय.” सून बोलली. “पाय लई दुखत्यात.” सून बोलली. “ह्यो गोळ्या कडू हायत, मी न्हाई खात.” सून जरा अडखळली, मग बोलली. “खिडकी लावा की, गार लागतंय. न्हाई, उगडा, जीव गुदमरतोय.” आणि मग जे सुरू झालं ते कुठल्या पुस्तकात नाही. माझा डावा कान वाजतोय. शेजारच्या खाटेवरची बाई लई घोरते. तुमी जेवला का? माझ्या कानातलं कुटं ठिवलंय? डॉक्टर लई तरणा दिसतोय, त्येला येतंय का नीट? सुनेला प्रत्येक वाक्याला कुठून तरी फ्रेंच ओढून काढावं लागत होतं, नेमका शब्द नसेल तर दुसरा, तोही नसेल तर आडवळणानं, पण मावशींचं पुढचं वाक्य येऊन उभंच असायचं. मावशींचे हात एकदाही थांबले नाहीत, विड्याही तशाच होत होत्या. मी टेबलावर हनुवटी टेकून बघत होते आणि मला सारखं वाटत होतं की तू आत्ता कुठल्या तरी दारातून डोकावशील.

रोज हे चालू झालं. मावशी बसमधून येताना वाक्यं जमवून आणायच्या. बसमध्ये कोण कुणाला काय म्हणालं, कुणाचं पोट बिघडलं, ते सगळं आमच्या पेशंटला व्हायचं. एका दिवशी वाक्यांची रांग अशीच चालली होती, ताप झाला, गोळ्या झाल्या, आणि मावशी त्याच आवाजात, पानाची कड कातरत म्हणाल्या, “माझी सून लई लांब ऱ्हाती. तिला जरा फोन लावून द्याल का?”

सून बोलेना. मावशींनी वर बघितलं. त्या टोमणा मारत नव्हत्या, आई, मी शपथेवर सांगते. त्यांना दवाखान्यातली म्हातारी काय बोलेल ते सुचत होतं आणि हे तिचं पुढचं वाक्य होतं, इतकंच. पण सुनेचे डोळे भरले. ही बाई रोज बस धरून येते आहे, हात दुखेपर्यंत बसते आहे, ते आपलं घर रिकामं व्हावं म्हणून, हे आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं. तिला ते पहिल्या दिवसापासून दिसत असणार. “थांबू नगंस,” मावशी म्हणाल्या. “म्हातारी वाट बगतीय.”

सुनेनं ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “वुई, माडाम. ऑं व्हा लापले आंसांब्ल.” हो बाई, आपण दोघी मिळून तिला फोन लावू. व्याकरण एकदम बरोबर होतं. मी शिकवलेलं नव्हतं.

परीक्षेला ती पुण्याला गेली. या वेळी पेशंट म्हणून एक बाई बसली होती आणि तिनं म्हणे खिडकीपासून मुलाच्या शाळेपर्यंत काहीही विचारलं. सासूला ही आत्या म्हणते. म्हणाली, “मॅडम, आत्यांपेक्षा लई सोपी होती ती.” रक्त काढायची वेळही आली, आणि तिथं ती एक क्षण घुटमळली, पण पुढं गेली. निकाल मोबाईलवर आला तेव्हा वर्ग चालू होता. पोरांनी खुर्च्या बडवल्या, अण्णांनी टीव्हीचा आवाज कारण नसताना मोठा केला. मावशी विड्यांची जुडी बांधत होत्या. “व्हय का? बरं झालं बग,” म्हणाल्या, आणि गाठ मारून झाल्यावर सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग त्या मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या. मी पाण्याचा आवाज ऐकत बसले. आनंद मला खूप झाला होता, आणि तो आनंद त्या आवाजामुळं कमी झाला नाही, याचं मला नंतरही नवल वाटत राहिलं.

थंडीच्या दिवसांत ती तिघं गेली. मावशी मुंबईपर्यंत पोचवायला गेल्या नाहीत, कुंभारीच्या फाट्यावरूनच परतल्या, असं मला नंतर कळलं. मी ठरवलं होतं, रविवारी जाऊन बघून येऊ, एकट्या काय करत असतील. रविवार यायचाच होता. गुरुवारी वर्गाच्या वेळेला दार वाजलं, बघते तर मावशी, काखेत सूप. आत आल्या, भिंतीशी उभा केलेला पाट घेतला, मांडला, बसल्या. वैरागची मुलगी समोर होती, तिला हॉटेलच्या मुलाखतीची तयारी करायची होती. मावशींनी मला विचारलं, “हिला काय करायचं हाय?” मी सांगितलं, ही हॉटेलात काम करणार, आलेल्या पाहुण्यांशी बोलायचं आहे. मावशींनी भिजवलेल्या पानांचं फडकं उलगडलं आणि त्या पोरीला म्हणाल्या, “मी लई लांबून आलीय. दमलीय. खोली दाव.”

आता त्या रोज येतात. येऊ नका म्हणायची माझी प्राज्ञा नाही आणि इच्छाही नाही. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी पेशंट, पाहुणा, गिऱ्हाईक, साहेब, पोलीस होऊन छळलं आहे. कॅनडातून फोन येतो तेव्हा सून इकडचं विचारते आणि नात तिकडच्या शाळेतलं फ्रेंच बोलून दाखवते, मावशी ऐकतात, आणि ती थांबली की म्हणतात, “मग? फुडं?” परवा फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, आठवण काढण्याला तिकडं काय म्हणतात? मी सांगितलं, तिकडं आठवण काढत नाहीत, नुसता त्या माणसाचा विचार करतात. मावशींना ते कमी वाटलं. त्या म्हणाल्या, इचार तर काय कुणाचाबी करतंय मानूस.

मी इतकी वर्षं तुला पत्र लिहिलं नाही. ज्या दिवशी रडू आलं त्या दिवशीसुद्धा लिहिलं नाही, कारण रडायला माणसं मिळतात, अण्णा आहेत, शेजारपाजार आहे. पण आपलं काम आपल्याला जमलं, आणि ते आपण कुठं शिकलो ते आज कळलं, हे सांगायला नेमकं एकच माणूस लागतं, आणि ते मिळत नाही. म्हणून हे लिहिलं. मी सुखात आहे, आई. वर्ग भरतो, अण्णा कुरकुर करतात पण जेवतात, पोरं एकेक करून कुठं कुठं जातात. हे पत्र कुठं टाकायचं याचा विचार मी केलेला नाही. बहुतेक उद्या सकाळी पुन्हा वाचीन आणि शुद्धलेखन तपासून ठेवून देईन.

एक तेवढं राहिलं. सोमवारी वर्ग सुटल्यावर मी फळा पुसत होते आणि पाठ वळवूनच म्हणाले, “आई, पंखा बंद करतेस का?” बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मागून मावशी म्हणाल्या, “व्हय गं,” आणि उठून पंखा बंद केला. दिवसभर मी लोकांच्या चुका दुरुस्त करत असते. ही मी दुरुस्त केली नाही, आणि मंगळवारी पुन्हा मुद्दाम केली.